बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओला अँटेनाची केबल कुठली घ्यावी? बेळगावात मिळते त्यात भागेल का?

शहापूरचा_पावणा
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापुरात राहतो, सासुरवाडी कारवार. मेहुण्याचा बैतखोल बंदरात ट्रॉलर आहे. आत्ता मासेमारी बंदी, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे बोट वर ओढलीय आणि रंग, लाकूडकाम, इंजिन सगळं एकदमच काढलंय. त्याचा केबिनमधला मरीन व्हीएचएफ गेल्या सीझनला नीट चालेना. जवळच्या बोटीशी बोलणं व्हायचं पण जरा लांब गेलं की समोरचा म्हणायचा "खरखर येते, परत बोल". रेडिओ काढून दुसऱ्याच्या बोटीवर लावून बघितला तर एकदम झकास. अँटेना नवीच आहे. म्हणजे उरली केबल. जुनी केबल टोकाला सोलली तर आतली तांब्याची जाळी पार काळीठिक्कर, आणि अजून हातभर मागं सोलली तरी तेच, वर हिरवट भुकटी.

मेहुणा म्हणाला "भावजी, तुम्ही इलेक्ट्रॉनिकमधले, येताना केबल घेऊन या" आणि मोकळा झाला. आता मी इन्व्हर्टर-यूपीएसवाला, मला बॅटरीची वायर विचारा, अँटेनाच्या केबलीतलं मला काय कळतंय? खडेबाजारात विचारलं तर एकानं टीव्हीची आरजी-६ पुढं केली, दुसऱ्यानं सीसीटीव्हीची आरजी-५९, तिसरा म्हणाला वायरलेसची आरजी-५८ आहे, हीच लागते, घेऊन जावा. तिन्ही लांबून सारख्याच दिसतात. काय घेऊ? आणि बंदी उठायच्या आत काम व्हायला पाहिजे.

डिशवाला_अनगोळ
आरजी-६ घ्या बिनधास्त. डिशला आम्ही हीच वापरतो, तिथं सिग्नल १ ते २ गिगाहर्ट्झचा असतो, तुमचा रेडिओ फक्त १५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे केबलीला काहीच जड नाही. शिवाय स्वस्त, कुठंही मिळते. उगीच लोकांच्या नादाला लागून महागातली आणू नका.

निपाणी_७३
डिशवाले, थांबा जरा. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, १४४-१४६ मेगाहर्ट्झवर रोज बसतो, मरीन बँड अगदी शेजारीच. तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते आधी सांगतो, कारण इथं लगेच कुणीतरी येऊन "७५ ओहम लावली की रेडिओ जळतो" म्हणणार. तसं काही होत नाही. मरीन रेडिओ आणि अँटेना ५० ओहमची, टीव्हीची केबल ७५ ओहमची, या फरकानं एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.५ च्या आसपास जातो, तेवढं कुठलाही बरा रेडिओ सोसतो. आणि आरजी-६ मध्ये लॉस, म्हणजे केबलीत वाया जाणारी पॉवर, खरंच कमी असतो, आरजी-५८ पेक्षा निम्म्याहून कमी.

पण ती बोटीवर घालू नका, कारण वेगळं आहे. बाजारात मिळणाऱ्या आरजी-६ ची मधली तार बहुतेक वेळा लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेली असते आणि वरची जाळी-फॉईल ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे रेडिओला लागणारा पीएल-२५९ कनेक्टर तिला धड बसवता येत नाही, मग लोक काहीतरी जुगाड करून पिळून बसवतात. घरात चालेल ते. खाऱ्या हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागलं आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियमची भुकटी होते. एक पावसाळा काढला तर नशीब. लोखंडी तार तर विचारूच नका. दुकानात लोहचुंबक घेऊन जावा, मधल्या तारेला चिकटला की केबल परत द्या.

उद्यमबाग_लेथ
केबल म्हणजे केबल की ओ. दहा-बारा मीटरसाठी एवढं काय डोकं लावूलालाव? जुनी किती वर्षं चालली, तसलीच नवीन घाला, विषय संपला.

निपाणी_७३
@उद्यमबाग, तसलीच नवीन घातली तर काही वर्षांनी हाच धागा परत वर येईल.

पावणे, आधी एक सांगा, केबल लागणार किती? अंदाजे नको, मोजून सांगा. केबिन ते अँटेना सरळ रेषेत बघितलं तर लोक पाच मीटर म्हणतात, आणि केबल जाते वळणावळणानं, छताखालून, खांबाला धरून वर. सगळं गणित लांबीवर आहे.

शहापूरचा_पावणा
फोन करून मोजायला लावलं. मेहुण्यानं जाळ्याची दोरी घेऊन रेडिओच्या मागून केबिनच्या छताच्या कडेनं डोलकाठीवर अँटेनाच्या बुडापर्यंत नेली, मग ती टेपनं मोजली. १४ मीटर भरली. मी खरंच ६-७ समजत होतो.

निपाणी_७३
बघा. आता १५६ मेगाहर्ट्झला चांगल्या कंपनीच्या केबलींचा लॉस, डीबी या मापात, साधारण असा: आरजी-५८ ला १०० मीटरमागे १८ ते २० डीबी, आरजी-८एक्स ला १५ च्या आसपास, आरजी-२१३ ला साडेआठ-नऊ, आणि एलएमआर-४०० ला ५ डीबी. लक्षात ठेवायला, ३ डीबी गेले म्हणजे पॉवर निम्मी.

तुमच्या १४ मीटरला लावून बघू. रेडिओ २५ वॅटचा. आरजी-५८ मधून अँटेनापर्यंत पोचतात साडेतेरा वॅट. ८एक्स मधून पंधरा-साडेपंधरा. २१३ मधून पावणेएकोणीसच्या आसपास. एलएमआर-४०० मधून एकवीसच्या वर. म्हणजे बारीक केबल घातली तर जवळपास निम्मे वॅट केबलीतच ऊब होऊन जातात. आणि हे फक्त बोलतानाच नाही बरं का, ऐकतानाही तेवढंच नुकसान, लांबच्या बोटीचा आधीच क्षीण आलेला आवाज केबलीत अजून निम्मा होतो. वर हे आकडे कोऱ्या केबलीचे आहेत. तुमची काळी पडलेली केबल कितीतरी जास्त खात असणार.

टिळकवाडी_ईटीओ
मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल बाजूला होतो, आता बेळगावातच असतो. निपाणीकरांचे आकडे बरोबर आहेत पण वॅटच्या मागे फार लागू नका असं माझं मत. व्हीएचएफ सरळ जातो, पृथ्वीच्या गोलाईच्या पलीकडं फारसा पोचत नाही. अंतर ठरतं अँटेनाच्या उंचीवर. पाण्यापासून अँटेना किती मीटर वर आहे त्याचं वर्गमूळ काढा, त्याला २.२ नं गुणा, तेवढे सागरी मैल तुमचं रेडिओ क्षितिज. समोरच्या बोटीचं तसंच काढा आणि दोन्ही मिळवा. दोघांच्या अँटेना ४ मीटरवर असतील तर ४.४ अधिक ४.४, म्हणजे पावणेनऊ मैल. तुम्ही तुमची ९ मीटरवर नेली तर ६.६ अधिक ४.४, बरोबर ११ मैल. ५ मीटर केबल वाढली, आरजी-५८ असली तरी त्यात १ डीबी गेला, पण अंतर सव्वादोन मैलांनी वाढलं. त्यामुळे "केबल वाचावी म्हणून अँटेना केबिनच्या छतावरच बसवू" असं मेहुणा म्हणाला तर ऐकू नका.

किनाऱ्यावरच्या स्टेशनची अँटेना टेकडीवर असली की अंतर अजून वाढतं. १०० मीटरवर असेल तर एकट्या तिचंच क्षितिज २२ मैल. आणि अशा लांबच्या बोलण्यात, जिथं सिग्नल कडेवर असतो, तिथं तो एक-दोन डीबी कामाला येतो. चॅनल १६ वर संकटात हाक मारायची वेळ कडेवरच येते, बंदराच्या तोंडाशी नाही.

मी असतो तर सरळ एलएमआर-४०० घातली असती.

सुभेदार_खानापूर
ईटीओ साहेब, रामराम. मी आर्मी सिग्नल्समधून रिटायर. एलएमआर-४०० उत्तम केबल आहे, टॉवरवर मी पण पसंत करीन. पण तिची मधली तार ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असते आणि जाळीखाली ॲल्युमिनियमची फॉईल. कनेक्टर शंभर टक्के सीलबंद राहिला तर प्रश्न नाही. ट्रॉलरवर शंभर टक्के काय राहतं सांगा. दुसरं, तार एकसंध आणि कडक आहे, डोलकाठी इंजिनाबरोबर दिवसरात्र थरथरत असते, कनेक्टरच्या मुळाशी सगळा ताण. आरजी-२१३ मध्ये मधे तांब्याच्या सात तारा पिळलेल्या, वर तांब्याची दाट जाळी, आत भरीव पॉलिथिलिन, तेही फोम नाही त्यामुळे दाबलं तर चेपत नाही. १४ मीटरला दोघींत फरक किती? अर्धा डीबी. त्या अर्ध्या डीबीसाठी मी ॲल्युमिनियम समुद्रावर नेणार नाही.

जाडी दोन्हींची सारखीच, १० मिलिमीटरच्या वर थोडी. त्यामुळे जागेचा प्रश्न दोन्हीकडे तोच.

टिळकवाडी_ईटीओ
सुभेदार साहेब, मान्य. जहाजांवर पण २१३ आणि तिची चांदीचा मुलामा दिलेली दुहेरी जाळीची बहीण २१४ जास्त बघितली. जाळी कलई केलेली, टिन्ड, मिळाली तर मात्र तीच घ्यावी, मरीन म्हणून विकतात त्यात बहुतेक तशी असते. कोरं तांबं ओल लागली की काळं पडतं आणि जाळीतून ओल वातीसारखी आत ओढली जाते. पावण्यांच्या केबलीत हातभर आत काळं निघालं ते त्यामुळेच.

उद्यमबाग_लेथ
मग आरजी-५८ टाकाऊच म्हणायची का? दुकानदार तर वायरलेसची म्हणून देतोय. जाड केबल डोलकाठीतून जाणार कशी, वळणार कशी?

निपाणी_७३
टाकाऊ नाही. ३-४ मीटरला काय वाईट आहे, बऱ्याच अँटेनांना कारखान्यातूनच तसली बारीक केबल जोडून येते. अडचण लांबीची, आणि दुसरी अडचण नकलीची. खरी आरजी-५८ सी/यू म्हणजे मधे कलई केलेल्या बारीक १९ तारा आणि जाळी इतकी दाट की आतलं पांढरं दिसू नये. बाजारात आरजी-५८ छापून जे विकतात त्यात कितीदा जाळी एवढी विरळ असते की बोटानं सरकवली तर खिडकी पडते. दुकानात एक इंच सोलून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

वळणाचं म्हणाल तर २१३ ला हाताच्या पंजाएवढी गोलाई द्यायची, काटकोनात मोडायची नाही. वजन मीटरला दीडेकशे ग्रॅम, ट्रॉलरला त्याचं काय. शिडाच्या छोट्या बोटीवर ८एक्स हा मधला रस्ता लोक काढतात, तिथं ठीक आहे.

बैतखोलकार
मी इथलाच, बोट आमची पण बैतखोललाच लागते. धागा वाचून हसायला आलं आणि बरं पण वाटलं. हे सगळे डीबी-बिबी खरे असतील, पण बंदरात केबल मरते ती कशी ते मी सांगतो. एक म्हणजे खलाशी अँटेनाच्या खांबाला दोरी बांधून कपडे वाळत घालतात, ओढ बसली की वरचा कनेक्टर ढिला. दोन, बंदीत वेल्डिंग निघतं, ठिणगी केबलीवर पडते, टाचणीएवढं भोक, कुणाच्या लक्षात येत नाही, पाणी मात्र बरोबर शोधून काढतं. तीन, उंदीर. हसू नका. बर्फाच्या खणाकडून केबिनकडं जाणारी वायर असेल तर बघाच एकदा. चार, रंगवाला. सगळं रंगवतो, कनेक्टर पण रंगवतो, आणि मग पुढल्या वर्षी तो खोलायला पान्हा लावला की केबलच पिळून तुटते.

आणि ते टेपचं काम. आमचा तांडेल वरच्या जोडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधायचा. पिशवीत पाणी जायचं आणि आतच राहायचं, बाहेर पडायला वाट नको?

मोठ्या वाऱ्यात रेडिओ लागतो हे मात्र खरं. २०१९ ला क्यार वादळ आलं तेव्हा कुठकुठल्या बोटी कारवारला आडोशाला आल्या होत्या, चॅनलवर नुसता गजबजाट. ज्यांचा आवाज साफ त्यांना जागा कुठं, खोली किती ते पटकन कळत होतं, बाकीचे नुसतं "हॅलो हॅलो".

डिशवाला_अनगोळ
बैतखोलकार, विषय निघालाच आहे तर, बंदी उठल्यावर बांगडा पहिल्यांदा कधी येतो हो? इथं बेळगावात येईपर्यंत त्याचा चेहरा पडलेला असतो.

बैतखोलकार
या इकडं अनमोड घाटानं, ताजा दाखवतो. पण पावसात घाट बघून या. आणि पावण्याचं काम होऊ द्या आधी.

सुभेदार_खानापूर
बैतखोलकरांनी मुद्द्याचं सांगितलं. केबल कुठलीही घ्या, मरते ती टोकाला. म्हणून टोकाचं सविस्तर लिहितो, पावणे हे मेहुण्याला दाखवा किंवा स्वतःच करा, तुम्हाला सोल्डरिंग येतंच.

पीएल-२५९ घेताना २१३ साठीचा घ्यायचा, त्यात केबल सरळ बसते. बारीक केबलला आत वेगळा रिड्यूसर लागतो, आणि ५८ चा रिड्यूसर वेगळा, ८एक्स चा वेगळा, दुकानदार हटकून चुकीचा देतो. चकचकीत निकेलवाले स्वस्त कनेक्टर सोल्डर धरत नाहीत, चांदीचा मुलामा आणि आत पांढरं टेफ्लॉन असलेला बघा. टेफ्लॉन वितळत नाही, तपकिरी बेकेलाईट पण चालेल, साधं प्लास्टिक असेल तर सोल्डरची इस्त्री लावली की मधली पिन वाकडी होऊन बसते.

आधी कनेक्टरची बाहेरची चकती केबलीत ओवा. हे सगळे विसरतात, सोल्डर झाल्यावर आठवतं. मग आवरण सोलताना जाळीला ब्लेड लागू द्यायचं नाही, एक-एक तार तुटली की तिथंच पुढं कुज धरते. जाळीला आधी हलकी कलई करा, पातळ, मग पाईपकटरनं जाळी आणि आतलं प्लास्टिक एकदम कापता येतं, कड साफ निघते. कनेक्टर फिरवून चढवा, बाजूच्या चार भोकांतून जाळी चमकताना दिसली पाहिजे. तिथं सोल्डर करायला २५ वॅटची इस्त्री उपयोगाची नाही, ८०-१०० वॅटची जाड टोकाची घ्या, गरम होऊ द्या, सोल्डर पटकन आत वाहू द्या आणि काढा. बारीक इस्त्री धरून पाच मिनिटं बसलं की आतलं पॉलिथिलिन विरघळतं, मधली तार बाजूला सरकून जाळीला टेकते आणि शॉर्ट. शेवटी मल्टिमीटर लावा, मधली पिन आणि बाहेरचं अंग यात काही दाखवता कामा नये. पण हे अँटेना न जोडता बघायचं, कारण काही अँटेना आतूनच शॉर्ट दाखवतात, त्यांची रचनाच तशी असते, उगीच नवी अँटेना फेकाल.

नंतर पाणी. पीएल-२५९ मुळात पाणी रोखणारा कनेक्टर नाहीच. जोड घट्ट करून त्यावर सेल्फ-अमालगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप, ती ताणून दुप्पट लांब करून गुंडाळायची, अर्ध्यावर अर्धी चढवत, खालून वर, कौलं खालून वर लावतात तशी, म्हणजे पाणी फटीत न शिरता वरून निथळतं. तिच्यावर उन्हाला टिकणारी काळी इलेक्ट्रिकल टेप, कारण रबर टेपला ऊन खातं. सिलिकॉन लावणार असाल तर वास घ्या. व्हिनेगरचा वास आला तर ते तांब्याला खातं, न्यूट्रल म्हणून मिळतं ते आणा. आणि केबल केबिनमध्ये शिरते तिथं आधी खाली एक झोळ द्या, मग वर वळवून आत. पाणी झोळावरून टपकतं, रेडिओच्या मागं येत नाही.

मधे जोड नको. एकच सलग तुकडा. जोडात लॉस फारसा नसतो, पण पाणी शिरायला अजून दोन तोंडं मिळतात.

उद्यमबाग_लेथ
सुभेदार काका, हे पटलं. मी लेथवाला, टोकाचं काम कसं असावं ते कळतंय. पावण्याला खांबावर धरायला स्टीलच्या क्लिपा हव्या असतील तर मी करून देतो, ३१६ चा तुकडा पडलाय. पण एक शंका. सगळे केबलीवर तुटून पडलाव, रेडिओला करंट बरोबर मिळतोय का ते कुणी बघितलं? त्या मोठ्या बोटींवर २४ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात ना?

शहापूरचा_पावणा
आता माझ्या विषयात आलात. मेहुण्याच्या बोटीवर २४ आहे, रेडिओला २४ ते १२ कन्व्हर्टर लावलाय. २५ वॅटवर बोलताना असा रेडिओ ५-६ अँपिअर ओढतो. मी त्याला सांगितलं बोलायचं बटण दाबून रेडिओच्या मागं व्होल्ट बघ, कन्व्हर्टरपाशी नाही, रेडिओपाशी. ऐकताना १३.४, दाबलं की १३.१. ठीक आहे. ११ च्या खाली गेला असता तर वायर बदलली असती. दुसऱ्या बोटीवर रेडिओ चालला तेव्हाच माझा संशय वायरिंगवर पण होता, पण हे साफ आहे.

हां, आणि कन्व्हर्टर स्वस्तातला असला की तो स्वतःच रेडिओत घरघर घालतो, तेही बघून घेतलं, बंद-चालू करून. तसं काही नाही.

निपाणी_७३
छान. आता शेवटी एसडब्ल्यूआर मीटरनं बघाल तेव्हा एक फसवणूक लक्षात ठेवा. मीटर सगळे रेडिओच्या मागं लावतात कारण वर कोण चढणार. आणि केबल जितकी वाईट तितका आकडा चांगला येतो! कारण अँटेनाकडून परत आलेली पॉवर येताना पण केबलीतच जिरते, मीटरला काही दिसतच नाही. उदाहरण घ्या, केबलीत जाताना ३ डीबी जात असतील तर वरची अँटेना पूर्ण काढून टाकली तरी खाली मीटर फक्त ३ दाखवेल. ६ डीबी जात असतील तर १.७. बघणारा म्हणणार वा, मस्त सिस्टिम, आणि वर अँटेनाच नाही. पावण्यांच्या जुन्या केबलीवर मीटर लावला असता तर बहुतेक आकडा चांगलाच आला असता.

म्हणून जमलं तर मीटर एकदा अँटेनाच्या बुडाशी पण लावा. बोट वर ओढलेली आहे तोवर हे सोपं आहे. वॅटही बघा, खाली किती, वर किती, म्हणजे केबलीत किती गेलं ते सरळ कळेल. मीटर व्हीएचएफचा असू द्या, २७ मेगाहर्ट्झचा सीबी मीटर इथं काहीही दाखवतो. एसडब्ल्यूआर दीडच्या आत असेल तर उत्तम, २ पर्यंत चालवून घ्या, ३ च्या वर गेला की बरेच रेडिओ स्वतःच पॉवर कमी करतात.

चाचणी १६ वर करू नका. ७२ किंवा ७७, बोट ते बोट चॅनल आहेत, कुणी बोलत नाही बघून, १ वॅटवर, थोडक्यात. आणि अँटेना जोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

टिळकवाडी_ईटीओ
बाजूची एक गोष्ट. रेडिओवर लाल झाकणाचं डिस्ट्रेस बटण असेल तर त्यात एमएमएसआय नंबर (बोटीची रेडिओवरची ओळख) भरलेला आहे का बघा, भारतातल्या बोटींचा ४१९ नं सुरू होतो. तो नसेल तर बटण दाबून उपयोग नाही. नंबर आणि रेडिओचं लायसन दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगकडून. मनानं दुसऱ्याचा नंबर टाकू नका, शोधणारे भलत्याच बोटीच्या घरी फोन करतात. फोनची रेंज असेल तोवर कोस्ट गार्डचा १५५४ आहेच, पण फोनवरची हाक एकालाच जाते, १६ वरची आजूबाजूच्या सगळ्या बोटींना.

शहापूरचा_पावणा
मंडळी, काम झालं, म्हणून लिहितोय. २१३ बेळगावात मिळाली नाही, बंगळूरला एसपी रोडवर ओळखीचा माणूस होता त्याच्याकडून मागवली, टिन्ड जाळीची. कुरियरचं पार्सल आल्यावर आधी लोहचुंबक लावला, मग इंचभर सोलून बघितलं, जाळी दाट. १६ मीटर घेतली, जास्तीची कापून टाकली, गुंडाळी करून ठेवली नाही. वरचा कनेक्टर घरीच पंख्याखाली बसून सोल्डर केला आणि मग कारवारला नेला, खालचा तिथं केबल ओढून झाल्यावर. केबिनच्या भोकातून कनेक्टरसकट जात नाही हे आधीच मोजून बघितलं होतं म्हणून बरं. लेथवाल्यांच्या क्लिपा फक्कड बसल्या.

मीटर निपाणीकरांच्या ओळखीतून मिळाला. अँटेनाच्या बुडाशी १.४, रेडिओच्या मागं १.३. वॅट खाली २४, वर १८. रंगवाल्याला कनेक्टरजवळ येऊ दिलं नाही, वर मेहुण्यानं लाल टेप बांधून ठेवलीय. कपड्यांच्या दोरीसाठी वेगळा खिळा मारून दिला.

उद्यमबाग_लेथ
क्लिपांचे पैसे नको, बांगडे पाठवा.

माजाळी_होडी
सगळं वाचलं. माझी छोटी फायबरची होडी आहे, आऊटबोर्डवाली, रेडिओपासून अँटेनापर्यंत ३ मीटर पण नाही. अँटेनाबरोबर बारीक केबल जोडूनच आली आहे. ती काढून २१३ घालू का?

निपाणी_७३
नको. ३ मीटरला आरजी-५८ मध्ये अर्धा-पाऊण डीबी जाणार, तेवढ्यासाठी कारखान्यातला सीलबंद जोड फोडून स्वतः नवा जोड कशाला करायचा. रेडिओकडचा कनेक्टर तेवढा नीट सोल्डर केलेला आहे का बघा, छोट्या होडीत तो उघड्यावरच असतो आणि पाणी तिथूनच शिरतं. पैसे उरले तर पाण्यात न बुडणारा हातातला रेडिओ घ्या एक, होडी उलटली तर बॅटरी पाण्यात आणि लावलेला रेडिओ बंद.

माजाळी_होडी
हातातला ५ वॅटचा आहे, चार्जर बिघडलाय. पावणे, तुमच्या दुकानात दुरुस्त होईल का?

शहापूरचा_पावणा
आणा की. नाहीतर मेहुण्याकडं द्या, तो रविवारी येतोय बेळगावला.